वाट दाखवणाऱ्याचं नाव



  

या संमेलनाचा अध्यक्ष म्हणून स्वागत समितीने मला विषय दिला आहे ‘साहस, सांस्कृतिक वारसा आणि अस्मिता : साहित्यात आणि चित्रपटात’. अध्यक्षाने आढावा घ्यावा, असा रिवाज आहे. हरिभाऊ आपट्यांनी मराठी ऐतिहासिक कादंबरीचा पाया घातला आणि नाथमाधवांनी स्वराज्याच्या कथांचं वेड घरोघरी पोचवलं. हरिभाऊंच्या ‘गड आला पण सिंह गेला’वरून बाबूराव पेंटरांनी १९२३ साली कोल्हापुरात ‘सिंहगड’ काढला, आणि त्याच गडावर शांतारामबापूंनी १९३३ साली ‘प्रभात’साठी बोलपट केला. भालजी पेंढारकरांनी १९५२ साली ‘छत्रपती शिवाजी’ दिला. पुढे रणजित देसाईंचा ‘श्रीमान योगी’ आला, शिवाजी सावंतांचा ‘छावा’ आला. दुसऱ्या बाजूला बाबूराव अर्णाळकरांची रहस्यकथा होती, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे होता, गोनीदांची दुर्गभ्रमंती होती. २०१८च्या ‘फर्जंद’पासून तर शिवकालीन चित्रपटांची रांगच लागली आहे.

आढावा मी इथेच थांबवतो. पुढची नावं आपल्याला पाठ आहेत. मला आज एकच गोष्ट बोलायची आहे. चाळीस वर्षं पटकथा आणि कुमारांसाठी साहसकथा लिहिताना ती माझ्या मनात ठसठसत राहिली. प्रत्येक चर्चासत्रात ती ओठांवर आली आणि प्रत्येक वेळी मी गप्प बसलो. आता या खुर्चीवर बसवलंच आहेत, तर ती ऐकून घ्या.

आपल्या साहसकथेत तलवार आहे, घोडा आहे, गर्जना आहे. वाट दाखवणारा माणूस मात्र नाही.

सिंहगडाचीच रात्र घेऊ. ४ फेब्रुवारी १६७०. ही हकीकत सांगणाऱ्या जुन्या साधनांपैकी एक म्हणजे सभासदाची बखर. कृष्णाजी अनंत सभासदाने ती राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून जिंजीत लिहिली, १६९७च्या सुमारास. म्हणजे त्या रात्रीनंतर तीस वर्षांच्या आत. त्याने काय लिहिलंय, ते मी माझ्या शब्दांत सांगतो. तानाजीने आधी दोन मावळे निवडले. ते दोघे रात्री कडा चढून गेले. वानरं चढतात तसे, सांभाळून, चाचपत. वर पोचल्यावर त्यांनी माळ लावली, म्हणजे दोराची शिडी. मग त्या माळेवरून तानाजीसकट तीनशे माणूस गडावर गेलं.

दोन मावळे. सभासद त्यांची नावं सांगत नाही.

विचार करा, अंधारात पहिल्यांदा कोण चढलं? वर कुणी बांधलेला दोर नाही, खाली झेलायला कुणी नाही, हाताला लागणारी कपार पक्की की फुसकी हे सांगणारं कुणी नाही. तीनशे माणसांचा जीव दोन माणसांच्या बोटांवर होता. त्या रात्रीचं खरं साहस या दोघांनी केलं. पुढचं शौर्य होतं, बलिदान होतं, त्यापुढे माझी मान कायम लवलेली आहे. पण ते घडलं या दोघांच्या चढाईवर.

आणि आपण काय केलं? पोवाड्यातून दोर घेऊन कडा चढणारी एक घोरपड आली, आणि या दोघांची जागा तिने घेतली. लोकांनी तिचं नाव यशवंती ठेवलं. शाळेतल्या पोरालाही विचारा, यशवंती त्याला माहीत असते. जनावराला नाव मिळालं, माणसांना मिळालं नाही. मला हे सलतं.

आमच्या परिसंवादांत या घोरपडीवरून दोन तट पडतात. एक तट म्हणतो, दंतकथा काढून टाका, इतिहास शुद्ध करा. दुसरा म्हणतो, पोवाडा हाच आपला वारसा, त्याला हात लावू नका. मी दोन्हीकडच्या विद्वानांना मानतो. पण हा वाद माझ्यापुरता एका दुपारी मिटला. कर्जतच्या बाजूला एका ठाकरवाडीत आग्या मोहोळाचा मध काढणारा एक म्हातारा गडी भेटला होता. त्याला मी घोरपडीचं विचारलं. त्याने माझी थट्टा केली नाही. थोडा वेळ विचार केला आणि म्हणाला, “चिकटंल खरी. पर दोर बांधला तर ती कपारीत शिरंल. वर कशाला जाईल? तिला काय गड घ्यायचाय?” मग त्याने स्वतःचे हात पुढे केले. बोटांची टोकं चपटी झालेली, नखं जाड, तळव्यावर दोराच्या घट्ट्यांची रेघ. म्हणाला, “घोरपड ही अशी असती.”

तेव्हापासून घोरपडीच्या कथेकडे मी वेगळ्या नजरेने पाहतो. ती खोटी म्हणून मी टाकणार नाही. कड्याला असं चिकटणारी माणसं आपल्यात होती, याची ती पुसट आठवण असावी, असं मला वाटतं. त्या म्हाताऱ्याच्या हातांपर्यंत पोचवणारी घोरपड मला हवी आहे. हात विसरायला लावणारी नको.

दुसरा वाद भाषेचा. ऐतिहासिक चित्रपटात माणसांनी बखरीतली मराठी बोलावी की आजची? यावर मी डझनभर परिसंवाद ऐकले. पण आपण दरबारची भाषा धरतो नाहीतर शहराची. डोंगराची भाषा दोन्हींत नसते. वीसेक वर्षांपूर्वी मी एका चित्रपटासाठी संवाद लिहिले होते. त्यात एक वाक्य होतं : “पुढं धार सोडा, डाव्या अंगाच्या नाळेतून वर निघा, निसणी लागली की एकेकानं चढा.” नाळ म्हणजे डोंगरातली अरुंद घळ, निसणी म्हणजे शिडी. निर्माते चांगले गृहस्थ होते, पण त्यांनी ते वाक्य खोडलं. म्हणाले, नाळ म्हटलं की लोकांना बाळाची नाळ आठवेल, निसणी तर कुणालाच कळणार नाही. त्या जागी शब्द आले, “गुप्त मार्गाने चला.”

गुप्त मार्ग! आपल्या निम्म्या कादंबऱ्या आणि निम्मे चित्रपट या गुप्त मार्गाने जातात. मला विचारायचं आहे, ती वाट गुप्त कुणाला? रोज मोळी डोक्यावर घेऊन तिथून उतरणाऱ्या बाईला ती गुप्त नसते. गुरं घेऊन जाणाऱ्या पोराला ती गुप्त नसते. ती फक्त दरबाराला गुप्त असते, शत्रूला गुप्त असते आणि आता आपल्याला गुप्त झाली आहे. स्वराज्य उभं राहिलं ते या बाईच्या आणि या पोराच्या पायवाटांवर. ढोरवाट, पाणवाट, सोंड, धार, नाळ, खिंड, पदर, माची, टाकं, नेढं, घसारा, कातळटप्पा. यातला एकेक शब्द कुणाच्या तरी पायांनी शोधलेला आहे. घसारा कुठे आहे हे ज्याला कळत नव्हतं तो मेला, आणि ज्याला कळलं त्याने तो शब्द पुढच्याला दिला. मला वारसा म्हणून हेच दिसतं. एक शब्द खोडला की एक वाट बंद होते.

पन्हाळ्याची रात्र आठवा. आषाढ पौर्णिमा, १२ जुलै १६६०. सिद्दी जौहरचा वेढा, वरून कोसळता पाऊस. शिवाजीराजे वेढ्यातून निसटून पालखीत, सोबत सहाशे बांदल मावळे. खिंडीतली लढाई आपण कितीदा वाचली, कितीदा पडद्यावर पाहिली. बाजीप्रभूंच्या शौर्याने आपलं रक्त सळसळतं, आणि ते तसंच सळसळत राहो. पण त्या आधीच्या रात्रभराच्या चालीला आपण किती पानं देतो? पडद्यावर किती मिनिटं? आजही जुलैत दरवर्षी मुलंमुली मसाई पठारावरून, करपेवाडीवरून, पांढरेपाण्यावरून ती वाट चालतात. त्यांना विचारा. गुडघाभर चिखल, भाताची खाचरं, ओढ्यांना आलेलं पाणी, पायाला जळवा आणि हात पुढे केला तर बोटं दिसत नाहीत असं धुकं. आणि हे सगळं दिवसाउजेडी, बॅटऱ्या घेऊन, मागे शत्रू नसताना. त्या रात्री पालखीच्या पुढे कोण चाललं होतं? ओढा कुठे उतरावा, हे कुणी ठरवलं? पालखीचा दांडा खांद्यावर घेतलेल्या भोयाचा पाय कुठे पडावा, हे कुणी सांगितलं? त्या वाट दाखवणाऱ्याचं एक चुकीचं पाऊल स्वराज्याला महाग पडलं असतं. तो चुकला नाही, आणि जो चुकत नाही तो आपल्या कथेतून गळतो.

आता माझी गोष्ट सांगतो. ही मी आजवर कुठेही लिहिलेली नाही.

मी तेव्हा पंचविशीत होतो, एका ऐतिहासिक चित्रपटाच्या युनिटमध्ये संवाद सहायक. राजमाचीच्या परिसरात चित्रीकरण होतं. मे महिन्याचे शेवटचे दिवस. दुपारी चारला वळवाचा पाऊस आला आणि जीपचा रस्ता खचला. अंधार पडला. वर आम्ही चौदा माणसं अडकलो, त्यात चित्रपटाचा नायकही. वाडीतला एक माणूस चार दिवस आमचे रिफ्लेक्टर आणि बॅटऱ्या वाहत होता. तो म्हणाला, चला, मी खाली कोंदिवड्याला उतरवतो.

उतरायच्या आधी त्याने वहाणा काढून कमरेला खोचल्या. मी विचारलं, मामा, अनवाणी? तो म्हणाला, “शेवाळ पायाला कळतंय, वहाणेला न्हाय कळत.” मग त्याने आम्हाला एका ओळीत उभं केलं. कंदील स्वतःकडे न ठेवता मधल्या माणसाकडे दिला. पुढच्या उजेडाने मागच्याचे डोळे दिपतात, हे त्याचं कारण. म्हणाला, “पाण्याचा आवाज उजव्या हाताला ठिवा. डाव्या हाताला ऐकू आला तर थांबा आन मला हाक मारा.” बस, एवढाच नकाशा.

तीन तास आम्ही त्या आवाजाच्या कडेने उतरलो. तो पाऊल आडवं टाकायचा, आधी टाच, मग सगळा तळवा. हात कारवीच्या दांड्यांवरून फिरत जायचा. हलली तर ती धरायची नाही, न हलली तर ती धरायची. एका जागी तो थांबला आणि म्हणाला, इथून बसून या. आम्ही बसून घसटत आलो. नंतर कळलं की डावीकडे चार बोटांवर दरी होती. त्याने ते आधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आमचे पाय थरथरले असते.

आमचा नायक पडद्यावर छातीचा कोट करून उभा राहायचा. त्या रात्री त्याने त्या माणसाच्या घोंगडीचं टोक घट्ट धरलं होतं, आणि कोंदिवड्यात पोचेपर्यंत सोडलं नाही. मला तो कधीच भित्रा वाटला नाही. उलट त्याच रात्री तो मला पहिल्यांदा खरा मावळा वाटला. मावळ्यांनीही असंच कुणाचं तरी टोक धरलं असेल. भीती वाटणारा माणूस, आणि त्या भीतीला वाट काढून देणारा दुसरा माणूस, अशी जोडी जुळते तिथे साहस घडतं. आपण पहिल्याची भीती काढून टाकली आणि दुसऱ्याला तर पूर्णच काढून टाकलं. मग उरलं ते काय? एकटा नायक, मंद गतीने फिरणारी तलवार आणि मागे ढोल.

चित्रपट पुरा झाला. श्रेयनामावली लिहायचं काम माझ्याकडे आलं. घोडे कुणाचे, पोशाख कुणाचे, जेवण कुणाचं, सगळं लिहिलं. त्या माणसाची ओळ आली तेव्हा माझा हात थांबला. मला त्याचं नाव माहीत नव्हतं. पाच दिवस आम्ही सगळे त्याला मामा म्हणत होतो. माझा जीव त्याने हातात धरून खाली आणला, आणि मी त्याला नाव विचारलं नव्हतं. मी लिहिलं, ‘स्थानिक ग्रामस्थ’. ती ओळ पडद्यावरून वर सरकत गेली, आणि मी पहिल्या खेळाला अंधारात बसून ती पाहिली.

रसिकहो, सभासदाने का लिहिलं नाही, असं मी विचारतो तेव्हा मला माझीच ती ओळ दिसते. म्हणून आज ही तक्रार करताना मी स्वतःला तिच्या बाहेर ठेवत नाही.

वेगळं करणारे लोक आपल्यात होते. गोनीदा गडावर जायचे ते गडाच्या पायथ्याच्या माणसांकडे मुक्कामाला जायचे, म्हणून ‘माचीवरला बुधा’ लिहू शकले. त्यांच्या ‘जैत रे जैत’वर डॉ. जब्बार पटेलांनी १९७७ साली चित्रपट केला. त्यात नाग्या ठाकर लिंगोबाचा डोंगर चढतो. त्याला कुणाचा गड घ्यायचा नाही. राणीमाशीने त्याचा डोळा घेतला, त्याचा हिशेब त्याला करायचा आहे. डोंगर चढणारा माणूस तिथे पहिल्यांदा स्वतःच्या कथेचा धनी झाला. हिरकणीचंही तसंच. रायगडाचा कडा उतरलेली गवळण आपण विसरलो नाही, बुरुजाला तिचं नाव दिलं, २०१९ साली तिच्यावर चित्रपटही आला. आणि भागवतांचा बनेश फेणे फुरसुंगीचा आहे, हे आपण लहानपणापासून जाणतो. साहसवीराला गावाचा पत्ता द्यायला हवा, हे भागवतांना कळलं होतं. ज्यूल व्हर्न मराठीत आणणाऱ्या लेखकाला ते कळावं, यात मला मोठा अर्थ दिसतो. साहसकथा हे पोरांचं वाचन, म्हणून जे तिला संमेलनाच्या मांडवाबाहेर बसवतात, त्यांना माझं हेच उत्तर आहे.

बाहेर पाहिलं तर अकिरा कुरोसावांनी १९७५ साली सोव्हिएत भूमीवर केलेला ‘देर्सू उझाला’ आठवतो. अर्सेन्येव्ह नावाच्या रशियन अधिकाऱ्याने उसुरीच्या जंगलात मोजणी केली, त्या अनुभवांवर पुस्तक लिहिलं, आणि त्या पुस्तकाला नाव दिलं त्याला वाट दाखवणाऱ्या शिकाऱ्याचं. चित्रपट सुरू होतो तेव्हा अर्सेन्येव्ह आपल्या मित्राचं थडगं शोधत असतो. तिथे वसाहत उभी राहते आहे, खुणेची झाडं तोडली गेली आहेत, जागा सापडत नाही. हे दृश्य पाहताना माझ्या शेजारची माणसं शांत होती. मी थिएटरच्या बाहेर आलो तेव्हा माझ्या कानांत उजव्या हाताचं पाणी वाहत होतं.

आता अस्मितेबद्दल. या शब्दावर आज सगळ्यांचाच हक्क आहे, माझाही आहे. जुलै २०२५मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले. साल्हेरपासून सिंधुदुर्गापर्यंत, आणि ज्या जिंजीत सभासदाने बखर लिहिली तीसुद्धा. मला त्या दिवशी अतोनात आनंद झाला. तटांची मोजमापं झाली, दरवाजांची चित्रं निघाली. रायगड बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरांचं नाव जगदीश्वराच्या पायरीवर तरी कोरलेलं आहे. पण या गडांवर चढणाऱ्या जुन्या वाटा कुणाच्या यादीत आहेत? पायथ्याच्या वाडीतली पोरं नोकरीसाठी पनवेलला आणि पुण्याला गेली. नाळेची वाट ज्यांना पाठ आहे, ती माणसं सत्तरीच्या पुढची आहेत. दगड टिकतील. वाट न वापरता दोन पावसाळे गेले, तर कारवी ती गिळून टाकते.

अध्यक्षाने पुढची कामं सांगावीत, असाही रिवाज आहे. तालुक्यातालुक्यात जाऊन डोंगराचे शब्द गोळा करायला हवेत, ज्याच्या तोंडून मिळाले त्याच्या नावासकट. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत ‘स्थानिक ग्रामस्थ’ ही ओळ बंद व्हायला हवी. कुमारांसाठीच्या साहसकथेला एखादा पुरस्कार असावा, ज्यात वाटेचं वर्णन पाहिलं जाईल. हे कसं, कुणी, कोणत्या पैशातून करायचं, त्याचा आराखडा माझ्याकडे आज तयार नाही. संमेलन संपल्यावर ज्यांना यावंसं वाटेल त्यांनी थांबावं, बसून बोलू.

राजमाचीच्या त्या चित्रीकरणानंतर काही वर्षांनी मी त्या वाडीत गेलो होतो. मामांचं नाव विचारायला. एका ओसरीवर बायका तांदूळ निवडत होत्या. मी म्हटलं, इथे एक मामा होते, आम्हाला रात्री खाली उतरवलं होतं. त्यातली एक म्हणाली, “कंचं मामा? हितं समदेच मामा. आन रातीचं तर समद्यांनीच कुणाला ना कुणाला उतरवलंय.” मी तिथे बराच वेळ बसलो आणि नाव न घेता परत आलो.

सध्या मी सिंहगडावर एक पटकथा लिहितो आहे. एका तरुण सहकाऱ्याने सुचवलं की त्या दोन मावळ्यांना नावं द्या, लेखकाला तेवढं स्वातंत्र्य असतं. मला ते करवत नाही. नाव ठाऊक नव्हतं, ही गोष्टच खरी आहे, ती मी बनावट नावाने झाकणार नाही. पण पहिलं पान मी लिहिलं आहे. रात्र. कडा. दोन माणसं वहाणा काढून कमरेला खोचतात. चढतात. वर पोचतात, कातळाला माळ बांधतात, आणि हिसका देऊन तपासतात. खाली तीनशे माणसं उभी आहेत, तानाजीही उभा आहे, वर पाहत. कॅमेरा त्यांच्याकडे उतरत नाही. तो त्या चार हातांवर थांबतो, गाठ बसेपर्यंत.